गुलाबी सांधा

उमेदवारीच्या पहिल्या दिवशी उस्तादांनी सात पोरांच्या तळहातांवर टीपकागदाचा एकेक तुकडा ठेवला, मुठी मिटायला लावल्या आणि स्वतः खिडकीशी बसून निवांत चहा प्यायले. चहा संपल्यावर मुठी उघडल्या. सहा कागद ओलसर होऊन चुरगळले होते. सातवा ठेवला तसाच कोरडा होता.

"नाव काय तुझं?" उस्तादांनी विचारले आणि उत्तर यायच्या आत म्हणाले, "राहू दे, नंतर सांग. आधी हात इकडे कर."

हात नळाच्या तोटीसारखा गार होता. "गार आहे रे हा," एवढेच ते बोलले, आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोराचे बारसे तिथेच झाले. दहा वर्षे तो नुसता 'गार' होता. पुढे हाताखाली माणसे आली, तेव्हा 'गारमास्तर' झाला. पगारपत्रकावरचे नाव घरच्यांखेरीज फारसे कुणाला माहीत नव्हते आणि मास्तरांचे त्यावाचून काही अडले नाही.

मास्तर जॉइंटर होते. समुद्राच्या तळाशी अंथरलेली तारायंत्राची केबल तुटली, की दुरुस्तीचे जहाज जाऊन तिची दोन्ही टोके वर काढते. ती टोके जोडतो तो जॉइंटर. या केबलची रचना साधी असते. मधोमध तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचे आवरण, त्यावर डांबरात भिजवलेला ताग आणि सगळ्यांत बाहेर लोखंडी तारांचा पीळ. यातले तांबे, ताग आणि लोखंड कुठेही मिळते. खरी करामत गटापर्चाची. उष्ण रानातल्या एका झाडाच्या चिकापासून तो होतो. गरम पाण्यात टाकला की कणकेसारखा मऊ पडतो, गार झाला की घट्ट होतो आणि थंड, अंधाऱ्या समुद्राच्या तळाशी शंभर वर्षे पडून राहिला तरी विजेला बाहेर जाऊ आणि पाण्याला आत येऊ देत नाही. जी बातमी जहाजाने जायला महिना लागे, ती काही मिनिटांत पलीकडच्या किनाऱ्यावर पोचू लागली ती या चिकाच्या भरवशावर.

तांब्याच्या तारा डाग देऊन जोडणे कुणालाही जमते. त्यावर गटापर्चा चढवणे हे जॉइंटरचे काम. स्पिरिटच्या दिव्यावर तो हलकेच तापवायचा, दोन्ही बाजूंनी ओढत मधोमध आणायचा, अंगठ्याने दाबत थरावर थर बसवायचा. या थरांत घामाचा थेंब अडकला, धुळीचा कण अडकला, की वीज तिथूनच वाट काढते. म्हणून जहाजाच्या डेकवर ताडपत्रीचा आडोसा करून जॉइंटर आत बसायचा आणि काम संपेपर्यंत कॅप्टनलाही आत मज्जाव असायचा.

सव्विसाव्या वर्षी मास्तरांच्या हातून एक सांधा बिघडला. केबल तळाशी सोडली आणि विजेचे मोजमाप घसरू लागले. पुन्हा वर काढण्यात अडीच दिवस गेले. उस्तादांनी सांधा चिरला, चिमट्याने आतून एक केस काढला आणि उजेडात धरला. आखूड, काळा, टोकाला वळलेला. मग त्यांनी आजूबाजूच्या माणसांच्या ओठांकडे बघितले.

"जहाजावर मिशा दोनच आहेत," ते म्हणाले. "एक कॅप्टनची. आणि कॅप्टन काही आत आले नव्हते."

मास्तरांनी तासाभरात मिशी उतरवली, ती कायमची. त्यांच्या पत्नीने लग्नाला होकार दिला होता तो मिशीवाला फोटो पाहून. मास्तर घरी परतले तेव्हा तिने दार उघडले आणि विचारले, "कोण पाहिजे?" हा किस्सा ती अजून सांगते आणि मास्तर दर वेळी उठून दुसऱ्या खोलीत जातात.

उस्तादांची कसोटी एकच होती. चांगला सांधा कोणता, तर जो शोधूनही सापडत नाही. चौतीस वर्षांत मास्तरांनी असे न सापडणारे किती सांधे घातले याचा हिशेब त्यांच्याकडे नाही. तारेतून काय जाते याच्याशीही त्यांचे देणेघेणे नव्हते. कुणाचे लग्न ठरले, कुणाचे जहाज बुडाले, कापसाचा भाव काय फुटला, सगळे त्यांच्या अंगठ्याखालून गेले आणि त्यातला एक शब्द त्यांनी कधी वाचला नाही.

नवे तंत्र आले आणि कंपनीचा केबल-डेपो बंद पडला. जुनी केबल तिथे विहिरीएवढ्या गोल टाक्यांत, पाण्याखाली ठेवलेली असे. शेवटच्या दिवशी जो तो आठवण म्हणून काहीतरी घेऊन गेला. मास्तरांनी मीटरभर केबल घेतली. बाहेरचे लोखंड आणि ताग उतरवून आतला गटापर्चा तेलाने चकचकीत केला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी दोन खुंट्यांवर ती टांगली. दुसऱ्या वर्षी तिच्यावर पांढुरकी झाक आली. तिसऱ्या वर्षी बारीक भेगा पडल्या. चौथ्या वर्षी एका सकाळी पत्नी केरसुणी घेऊन आत आली.

"अहो, तुमची केबल आज सुपलीत भरली."

खुंट्यांवर उघडी तांब्याची तार राहिली होती आणि खाली तपकिरी भुगा पडला होता. हवा आणि उजेड गटापर्चाला मारतात, हे मास्तर नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवत. केबल तासभर टाकीबाहेर राहिली तर ते आरडाओरडा करत. आणि स्वतःच्या घरात त्यांनीच ती चार वर्षे उन्हाला टांगली होती. त्यांनी तो भुगा गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरून कपाटात ठेवला. 

मास्तर एकाहत्तर वर्षांचे असताना त्यांना फोन आला. किनाऱ्यावर जिथे केबल समुद्रातून वर येते, तिथल्या दोन खोल्यांच्या जुन्या केबल-घराचे संग्रहालय होत होते. सांडपाण्याचा पाइप टाकायला अंगण खणताना यंत्राला नऊ मीटर जुनी केबल लागली होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, किनाऱ्यावर आलेल्या पहिल्या केबलचे शेपूट. ओळख पटवायला येता का, असे संग्रहालयाच्या मॅडम विचारत होत्या.

मास्तर पोचले तेव्हा केबल हिरवळीवर उन्हात पसरलेली होती आणि दोन कामगार ती फडक्याने मन लावून कोरडी करत होते.

"कधी काढली बाहेर?" मास्तरांनी विचारले.

"सकाळी नऊला," मॅडम म्हणाल्या. चाळिशीच्या, हातमोजे घातलेल्या, जुन्या धातूंच्या जतनाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या बाई होत्या. "पण मास्तर, तुम्ही आधी बसा. पाणी घ्या."

"मला नको, तिला द्या," असे म्हणून मास्तरांनी हातातला पेला केबलवर ओतला. "पोती आणा. ओली करून आणा. आणि ती फडकी ठेवा बाजूला."

कामगारांनी मॅडमकडे पाहिले. मॅडमनी क्षणभर मास्तरांकडे पाहिले आणि मान हलवली. पोती आली.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "बाहेरचं सगळं लोखंड आहे. ओलं ठेवलं तर गंजाचा ढीग होईल. हे माझं काम आहे, मला कळतं."

"आणि कोरडं ठेवलंत तर चार वर्षांत हे होईल." मास्तरांनी खिशातून गोळ्यांची बाटली काढली.

मॅडमनी बाटली उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला. "हे कुणी केलं?"

"मी."

मॅडमना हे उत्तर आवडले असावे. त्यांनी हातमोजे काढले. "म्हणजे लोखंडाला कोरडं हवं आणि गटापर्चाला ओलं. एका खाटेवर दोन आजारी आणि दोघांची पथ्यं उलटी. छान!"

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष आले. सदा घाईत असलेले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. उद्घाटन तीन आठवड्यांवर आले होते आणि त्यांचा बेत ठरलेला होता: केबल वाळवायची, तिला दोन हात व्हार्निश द्यायचे आणि प्रवेशद्वारावर कमान म्हणून लावायची.

"कमान?" मास्तर म्हणाले.

"कमान," अध्यक्ष म्हणाले. "लांबून दिसली पाहिजे."

"समुद्राच्या तळाशी होती ती. कुणाला दिसावी म्हणून नव्हती टाकली."

मॅडम मध्ये पडल्या. मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला पटवू नका, दाखवा. आतला गटापर्चा अजून धड आहे हे सिद्ध करा. धड असेल तर त्याला वाचवण्यात अर्थ आहे. मी समितीशी भांडून टाकी बांधून घेते. आणि तो आधीच गेलेला असेल तर मास्तर, निदान लोखंड तरी वाचवू द्या मला. मग तुम्ही मध्ये यायचं नाही."

"गेलेला असेल तर मीच व्हार्निशचा ब्रश धरतो," मास्तर म्हणाले.

तपासणी मास्तरांच्या स्वतःच्या मेगरवर ठरली. मेगर म्हणजे हँडल फिरवून चालणारी एक पेटी. तिची एक वायर केबलच्या तांब्याला लावायची, दुसरी पाण्यात सोडायची. आवरण शाबूत असेल तर विजेला तांब्यातून पाण्यात जायला वाट मिळत नाही आणि काटा वर चढत जातो, अगदी शेवटच्या आडव्या आठापर्यंत, म्हणजे अनंत. आवरण फुटके असेल तर काटा शून्यावर लोळण घेतो. मॅडमनी कागदावर लिहिले: काटा एक मिनिट शंभराच्या वर राहिला तर टाकी, खाली आला तर कोरडी खोली. खाली दोघांनी सह्या केल्या. अध्यक्षांनीही केली, त्यांना कमानीची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी केबल लांब पन्हळीत पाण्यात बुडवली. मास्तरांनी दोन्ही टोके पेन्सिलीसारखी तासली, दिव्यावर शेकून कोरडी केली आणि पाण्याबाहेर अधांतरी ठेवली. हँडल फिरवले. काटा शून्यावरून हललासुद्धा नाही.

"झालं," अध्यक्ष म्हणाले. "व्हार्निश सांगतो आणायला."

"थांबा की," मास्तर म्हणाले. "दात दुखतोय म्हणून माणूस मेला असं कुणी म्हणत नाही. कुठे दुखतंय ते बघू."

त्यांनी मॅडमना हँडल फिरवायला बसवले आणि स्वतः केबल हात-हातभर पाण्याबाहेर उचलत निघाले. जखम पाण्याबाहेर आली की काटा उठणार होता. पहिला मीटर, दुसरा, चौथा. सहाव्या मीटरला मॅडम ओरडल्या, "उठला!"

लोखंडी तारा तिथे दबून तुटल्या होत्या. मास्तरांनी त्या अलगद बाजूला केल्या. आत गटापर्चाला नखाएवढी खाच होती आणि तिच्यातून तांबे चमकत होते.

"ही म्हातारपणाची नाही," मास्तर म्हणाले. "कडा बघा, ताज्या आहेत. परवा तुमच्या यंत्राचा दात लागला."

मॅडमनी भिंग लावून बराच वेळ पाहिले. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे आमच्या हातून झालंय. आम्ही केलेली इजा आम्ही भरून काढू शकतो. सोमवारपर्यंत वेळ देते. पण दुरुस्ती करायच्या आधी कशाने करणार ते मला दाखवायचं."

इथे मास्तर अडले. कारण गटापर्चा आता मिळतो कुठे? त्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक जुनी कांडी होती. हातात घेताच तिचे तीन तुकडे झाले. त्यांनी डेपोतल्या दोन जुन्या सोबत्यांना फोन केले. एक म्हणाला, आता सगळं प्लास्टिक. दुसऱ्याने आधी स्वतःच्या गुडघ्याची हकीकत सांगितली आणि मग तेच सांगितले. शुक्रवारी दुपारी मास्तर ताटातला भात नुसता चिवडत होते आणि पत्नी फोनवर मुलीशी बोलत होती.

"काही नाही गं, तुझ्या बाबांना गटापर्चा मिळत नाहीये, म्हणून तोंड एवढंसं झालंय," ती म्हणाली. मग ऐकत राहिली. मग फोन मास्तरांपुढे धरला. "ती हसतेय. तुम्हीच बोला."

"बाबा," मुलगी म्हणाली, "माझ्या खणात चार डब्या आहेत."

मुलगी दातांची डॉक्टर होती. तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता आणि त्याला नऊ वर्षे झाली होती. दाताच्या मुळातली पोकळी साफ करून तिच्यात जे भरतात, तो गटापर्चाच असतो. जगातल्या सगळ्या केबलींवरून तो उतरला, तरी माणसांच्या दातांत टिकून होता. मास्तरांना हे ठाऊक नव्हते, कारण त्यांनी मुलीला कधी दात दाखवलेच नव्हते.

"तोंड उघडायचं म्हटलं की यांना कुठेतरी जायचं असतं," पत्नी म्हणाली.

मुलीने त्यांना रुग्णाच्या खुर्चीत बसवले, वरचा दिवा लावला आणि ट्रेमध्ये एक डबी उपडी केली. आगपेटीच्या काडीहून बारीक, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या शलाका. लहान मुलाच्या हिरडीसारख्या गुलाबी.

"हा गटापर्चा?" मास्तर म्हणाले. "असा?"

"रंग कंपनी घालते. घ्या, बघा."

मास्तरांनी एक शलाका दिव्यावर धरली, मऊ झाल्यावर बोटांत ओढली. दोन बोटे लांबली आणि तुटली. "यात खडू जास्त आहे."

"खडू नाही, झिंक ऑक्साइड."

"तेच ते. नुसता तापवून हा धरणार नाही. आम्ही आधी नाफ्थाचं बोट फिरवायचो."

"मी माझ्या पेशंटच्या तोंडात नाफ्था घालू? निलगिरीचं तेल लावतात, बाबा. वरचा थर किंचित विरघळतो आणि चिकटतो." तिने कापसाच्या बोळ्यावर थेंब घेतला. "आणि ऐका, तुम्ही जे सांगताय ते सरळ सरळ रूट कॅनाल आहे. खड्डा साफ करायचा, कोरडा करायचा, गटापर्चा दाबून भरायचा, वरून बंद करायचं. फरक एवढाच की माझ्याकडे येतात त्यांची नस मेलेली असते."

"माझ्या केबलची मेलेली नाही," मास्तर म्हणाले.

प्लास्टिकच्या वायरीवर सराव करून भागणार नव्हते. केबलची टोके तासताना निघालेले गटापर्चाचे काप मास्तरांनी ओल्या फडक्यात जपून ठेवले होते. त्यांवर सराव सुरू झाला. पहिले सहा प्रयत्न सुटून आले. खुर्चीत मास्तर आणि बाहेर बाकावर रुग्ण, अशी दोन दिवस पंचाईत चालली. एका रुग्णाने आत डोकावून विचारले, "आजोबांचं फारच अवघड आहे का हो?" मुलगी म्हणाली, "फार. एकशे वीस वर्षांचा दात आहे." सातवा सांधा धरला. मास्तरांनी तो वाकवला, पिळला, पाण्यात बुडवून ठेवला. सुटला नाही.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ट्रेमधला पातळ कागद तळहातावर ठेवून मूठ मिटली आणि घड्याळात दोन मिनिटे पाहिली. मूठ उघडली तेव्हा कागदाच्या मधोमध ओलसर डाग होता. त्यांनी दुसरा कागद घेतला. त्यावरही आला.

"रक्तदाबाच्या गोळ्या, बाबा," मुलगी म्हणाली. "होतं त्याने."

मास्तरांनी कागद कचऱ्यात टाकला. "तुझे हातमोजे दे दोन जोड," ते म्हणाले. "सांध्याला काय कळतं, अंगठा माझा आहे की रबराचा."

उरला रंग. न दिसणारे सांधे घालण्यात हयात गेलेला माणूस काळ्या-तपकिरी केबलवर गुलाबी ठिगळ लावणार, हे मास्तरांच्या घशाखाली उतरेना. रविवारी त्यांनी दिव्याची काजळी धरली, शलाकेत मळून तिचा रंग गडद केला, जुन्या कापावर तिचा सांधा घातला आणि सोमवारी सकाळी तो नमुना मॅडमपुढे ठेवला.

"शेजारी ठेवून बघा," ते म्हणाले. "कुठे नवं, कुठे जुनं, ओळखून दाखवा."

मॅडमना ओळखता आले नाही. "हे चालणार नाही," त्या म्हणाल्या.

"काय चालणार नाही?"

"नवं काम दिसलं पाहिजे, मास्तर. लांबून नको, पण जवळून बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे आपण हात लावलाय. नाहीतर उद्या कुणीतरी हा तुकडा बघेल आणि आपलं काम त्या जुन्या लोकांचं समजेल. ती लबाडी झाली. आणि पुढे कुणाला काढायचा झाला तर निघालाही पाहिजे."

"आमच्यात सांधा दिसला तर उस्ताद हातावर फटका मारायचे."

"आमच्यात दिसला नाही तर मारतात. काजळी घालण्याआधी याचा रंग कोणता होता?"

मास्तरांनी अनिच्छेने दुसऱ्या खिशातली डबी काढली. मॅडमनी एक शलाका उचलून केबलशेजारी धरली आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "मुद्दाम शोधून असा मिळाला नसता. हाच लावा. काजळी न घालता."

"निघेल का, तेही विचारा," मास्तर म्हणाले. "निलगिरीच्या तेलाने निघतो. मुलगी रोज काढते."

"मग आणखी काय हवं?"

मास्तरांनी नमुना उचलला, अंगठ्याने एकदा दाबून पाहिला आणि खिडकीबाहेर टाकला. उत्तम सांधा होता.

काम केबल-घराच्या आतल्या खोलीत झाले. खिडक्या बंद, पंखा बंद. मास्तरांनी हातमोजे चढवले, खाच साफ केली, शेकून कोरडी केली, तेलाचे बोट फिरवले आणि एकेक शलाका मऊ करून भरत गेले. अंगठा रबरात असला तरी दाब तोच होता. चाळीस मिनिटे लागली. शेवटी तपकिरी अंगावर बोटाच्या पेराएवढा गुलाबी फुगवटा तयार झाला. मास्तरांनी तो गार होऊ दिला, त्याच्याकडे फार वेळ पाहणे टाळले आणि केबल पन्हळीत सोडली.

अध्यक्ष वेळेवर हजर होते. सोबत व्हार्निशचा नमुना होता.

मास्तरांनी हँडल फिरवायला घेतले. काटा उठला. वीस, चाळीस, सत्तर. ऐंशीला थबकला आणि तिथेच थरथरत राहिला.

"ऐंशी," अध्यक्ष म्हणाले. "शंभर ठरलं होतं."

मास्तरांनी हँडल सोडले. त्यांनी सांध्याकडे पाहिलेच नाही. उठून सरळ केबलच्या दूरच्या टोकाशी गेले, वाकून तासलेला शंकू बघितला आणि सरळ उभे राहिले.

"इथे हात कुणी लावला?"

मॅडमनी अध्यक्षांकडे पाहिले.

"मी फक्त बघितलं," अध्यक्ष म्हणाले. "तांबंच आहे ना, म्हणून. एका बोटाने."

"बोटाला घाम असतो," मास्तर म्हणाले. "वीज सांध्यातून नाही गळत, तुमच्या बोटावरून गळतेय."

त्यांनी टोकाचा कागदाएवढा पातळ काप काढला, दिवा फिरवून ते शेकले आणि अध्यक्षांना भिंतीपाशी उभे केले. तेही निमूटपणे उभे राहिले. मास्तर परत बसले. मॅडमनी घड्याळ हातात घेतले.

काटा उठला. पन्नास, ऐंशी, शंभर. शंभरावर रेंगाळला नाही. दोनशे, पाचशे, आणि मग पेटीच्या अगदी कडेला, आडव्या आठावर जाऊन टेकला आणि तिथेच बसून राहिला.

"तीस सेकंद," मॅडम म्हणाल्या. "पंचेचाळीस. मिनिट झालं."

हँडल फिरतच राहिले.

"मास्तर, झालं मिनिट."

"ऐकलं. आता माझ्यासाठी फिरवतोय."

टाकीला समितीची मंजुरी त्याच दुपारी मिळाली. अध्यक्षांची सही आधीच कागदावर होती. दाराला कमान लाकडी झाली. पण भांडण मिटले नव्हते, कारण मॅडमनी आता स्वतःची अट पुढे केली: टाकीतल्या पाण्यात धुण्याचा सोडा घालायचा. सोड्याच्या पाण्यात लोखंड गंजत नाही.

"माझी केबल धुवायला काढताय?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही मला दाखवलंत, आता मी तुम्हाला दाखवते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एका बरणीत सोड्याचे पाणी केले, त्यात एक लोखंडी तार, केबलचा एक काप आणि एक गुलाबी शलाका सोडली आणि बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवली. पंधरा दिवसांनी दोघांनी मिळून ती उघडली. तारेवर गंज नव्हता. मास्तरांनी काप वाकवला, शलाका वाकवली, दातांनी दोन्ही चावून पाहिली. मग तोंड वाकडे करून म्हणाले, "चव वाईट आहे. बाकी ठीक."

केबल टाकीत उतरली. टाकीला जाड झाकण आहे आणि झाकणात पाटीएवढी एक झडप. पाहुण्याने झडप उचलायची, पाण्यातली काळी वेटोळी आणि त्यावरची गुलाबी खूण बघायची आणि हात सोडायचा; झडप आपोआप पडते. शेजारच्या फलकावर मॅडमनी खाच कशी पडली, कुणाच्या यंत्राने पडली आणि कशाने भरली, हे सगळे सरळ लिहिले आहे.

"दर किती दिवसांनी तपासायचं?" उद्घाटनाच्या सकाळी त्यांनी विचारले.

"महिन्याला एकदा."

"आणि तुम्हाला यायला जमलं नाही तर?"

मास्तरांनी मेगर टाकीशेजारच्या फळीवर ठेवला आणि त्याच्या वायरी नीट गुंडाळल्या. "हे इथेच राहील. टोकं कोरडी करायची, हँडल एका लयीत फिरवायचं आणि अध्यक्षांना बाहेर ठेवायचं," ते म्हणाले. "बाकी काही लागत नाही."